वेगळा डबा नको, जागा हवी!

रेल्वे व टपाल कामगार बंधू-भगिनींनो,

तिरुचिरापल्लीजवळच्या पोन्मलै येथे, इंग्रज ज्याला गोल्डन रॉक म्हणत तेथे, ५ सप्टेंबर हा हुतात्म्यांचा दिवस आहे. १९४६ च्या संपात त्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच रेल्वे कामगारांचे प्राण गेले. त्यांना अभिवादन करायला आम्ही काही मराठी प्रतिनिधी गेलो होतो. परतीच्या गाडीला वेळ होता. तंजावर तेथून पन्नासेक किलोमीटर. मराठी माणूस इतक्या जवळ जाऊन तंजावरचा राजवाडा न पाहता परत येणे शक्य नव्हते.

राजवाडा स्टेशनापासून दोनेक किलोमीटरवर आहे. नायक राजांनी तो बांधायला घेतला आणि पुढे भोसल्यांनी वाढवला. शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजी यांच्यापासून १८५५ पर्यंत येथे मराठ्यांचे राज्य होते. आवारातच सरस्वती महाल ग्रंथालय आहे आणि त्यात मराठीची तीन हजारांवर हस्तलिखिते आहेत. आमचे मराठी बोलणे ऐकून अंगणात बसलेले एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. घराणे तंजावरचेच. मराठी जुन्या वळणाचे, मधूनमधून तमिळ शब्द. रेल्वे मेल सर्व्हिसमधून सॉर्टर म्हणून निवृत्त झालेले. म्हणजे आपलाच माणूस!

त्यांच्याबरोबर दहा-अकरा वर्षांचा नातू होता. शाळेच्या सहलीची मुले गलका करीत आत आली तसे त्याने दोन्ही कानांवर हात दाबले आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. गलका पुढे गेल्यावर तो आमच्याकडे आला. आमच्याकडे न बघता त्याने विचारले, "कुठल्या गाडीने आलात?" आम्ही सांगितले. मग त्याने कुंभकोणम, मयिलाडुतुरै, विळुप्पुरम अशी मेन लाईनची स्टेशने एकापाठोपाठ म्हणून दाखवली. आम्ही खूश झालो, पाठ थोपटायला गेलो, तर तो दचकून मागे सरला. काका म्हणाले, "हात लावू नका, त्याला सोसत नाही. मुलगा स्वमग्न आहे."

मग त्यांनी सांगितले. पहिल्या शाळेने महिनाभराने मुलाला घरी पाठवले, कारण इतर पालक तक्रार करतात. दुसऱ्या शाळेने पूर्ण फी घेतली आणि मुलाला वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवले. तिसऱ्या शाळेत बाईंनी नाव विचारले, मुलाने त्यांच्याकडे बघितले नाही. "जागा भरल्या," असे उत्तर मिळाले. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मुलाला त्याच वर्गात जागा मिळाली. काका म्हणाले, "चाळीस वर्षं मी लोकांची पत्रं बरोबर पत्त्यावर धाडली. माझ्या नातवाला मात्र कुणी पत्ता देत नाही."

आम्ही खाली माना घातल्या. का घातल्या, ते पुढे सांगतो.

कोंडलेला मुलगा

आम्ही राजेरजवाड्यांचे भाट नव्हे. पण ज्या अंगणात हे बोलणे झाले, तेथला इतिहास सांगितलाच पाहिजे. १७८७ साली तुळजाजी राजे वारले. त्यांनी दत्तक घेतलेला सरफोजी त्या वेळी नऊ-दहा वर्षांचा होता. दत्तकविधान शास्त्राला धरून नाही असा पंडितांचा अभिप्राय घेण्यात आला आणि गादी अमरसिंगाला मिळाली. दत्तक मुलाला राजवाड्यातच जवळजवळ कोंडून ठेवले, त्याच्या शिक्षणाची आबाळ केली. श्वार्ट्झ नावाच्या पाद्र्याने त्याबद्दल कंपनी सरकारकडे गाऱ्हाणे नेले. १७९३ मध्ये मुलाला मद्रासेस हलवले, तेथे त्याचे शिक्षण झाले. पुढे पंडितांना पुन्हा विचारण्यात आले, तेव्हा तेच दत्तकविधान योग्य ठरले, आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसला. कंपनीने पुढच्याच वर्षी तह करून राज्य घशात घातले, तो भाग वेगळा.

पंडितांचे मत बदलले. मुलगा तोच होता!

त्याच मुलाने पुढे सरस्वती महाल वाढवला, राजवाड्यात छापखाना घातला, आणि १८०६ च्या सुमारास इसापच्या गोष्टींचे 'बालबोध मुक्तावलि' हे मराठी पुस्तक तेथे छापले गेले. धन्वंतरी महालात औषधांचे काम चाले. डोळ्यांच्या रुग्णांचे त्या काळचे कागद आजही ग्रंथालयात आहेत. प्रत्येक रुग्णाचा वेगळा कागद, बरोबर डोळ्याचे चित्र.

सरफोजीला स्वमग्नता होती असे आम्ही म्हणत नाही, तसा काही पुरावा नाही. आमचे म्हणणे एवढेच की मूल शिकू शकते की नाही याचा निकाल त्याला शिकवण्याआधी देणाऱ्या पंडितांवर विश्वास ठेवू नये. ते पंडित आज शाळेच्या ऑफिसात बसतात, भरतीच्या मंडळावर बसतात आणि, खरे बोलायचे तर, युनियनच्या कचेरीतही बसतात.

स्वमग्नता म्हणजे काय

स्वमग्नता हा साथीचा रोग नाही, वेड नाही, गेल्या जन्माचे पाप नाही. मेंदूची घडण जन्मापासून वेगळी असते. कोणी बोलत नाही, कोणी फार बोलतो. कोणाला आवाज, उजेड, स्पर्श सोसत नाही. कोणाला ठरलेला क्रम मोडला की जिवाची तगमग होते. काहींना बौद्धिक अपंगत्वही असते, पुष्कळांना नसते. आईने माया केली नाही म्हणून मूल असे झाले, असे एके काळी मोठमोठे डॉक्टर सांगत. ते साफ खोटे ठरले. लस टोचल्यामुळे होते असा १९९८ साली एका इंग्रज डॉक्टरने निबंध छापला. २०१० मध्ये तो त्याच वैद्यकीय नियतकालिकाने मागे घेतला. तरी आमच्या क्वार्टर्समध्ये सासू सुनेला आजही हेच ऐकवते.

आणखी एक खोटे आहे, ते गोड आहे म्हणून जास्त घातक आहे. असली मुले म्हणे अलौकिक बुद्धीची असतात! तंजावरच्या मुलाने स्टेशने म्हणून दाखवली तेव्हा आम्हीही हुरळलो. नंतर गाडीत एका साथीने विचारले, "आणि त्याला एकही स्टेशन आले नसते तर? मग त्याला शाळेचा हक्क नव्हता का?" कोणाकडेही उत्तर नव्हते. आपल्या धडधाकट पोरांकडून आपण शाळेच्या दारात असली कसरत करून घेत नाही.

कायदा आहे, पण कपाटात

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचे नावच नव्हते. तीन टक्के राखीव जागा होत्या, त्यांत या मुलांचा वाटा शून्य. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात नाव आले, पण नोकरीचा हक्क आला नाही. तो आला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, आणि तो कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आजच्या चाळिशीतल्या स्वमग्न माणसाची शाळा आणि भरतीचे वय दोन्ही या हक्काशिवाय गेले, हे ध्यानात घ्या.

शिक्षणाचे पाहू. या कायद्याच्या १६ व्या कलमाप्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोय करायची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाचणी घेण्यास मनाई आहे. पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत, नंतर प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड. तरीही "नुसत्या गप्पा मारायला या" म्हणून बोलावतात, आणि ज्या मुलाला गप्पाच मारता येत नाहीत त्याला बाहेर काढतात. विशेष शिक्षकांचे म्हणाल तर, प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांत पंधरांमागे एक शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितले. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले की ही पदे मंजूर करून जाहीर करा. साडेतीन वर्षे पदेच जाहीर होत नव्हती! आणि २ एप्रिलला, जागतिक दिनाला, मोठमोठ्या इमारतींवर निळे दिवे मात्र लागतात. दिव्याचे बिल भरायला पैसे आहेत, शिक्षकाच्या पगाराला नाहीत.

आता नोकरी. ३४ व्या कलमाने चार टक्के जागा राखीव झाल्या. त्यांतला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या पाचांना मिळून. शंभरात एक जागा आणि तिला पाच वाटेकरी! त्यासाठी चाळीस टक्क्यांचा दाखला पाहिजे. दाखल्यावर टक्के कमी आले तर राखीव जागेला अपात्र, जास्त आले तर साहेब म्हणतात हा काम काय करणार. म्हणजे आडात पडा नाहीतर विहिरीत.

पण एक गोष्ट प्रत्येक शाखेने पाठ करावी. चाळीस टक्क्यांची अट राखीव जागेपुरती आहे. भेदभाव करू नये आणि वाजवी सोय द्यावी या हक्काला ती अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार या उमेदवाराच्या खटल्यात हे स्पष्ट केले आहे.

परदेशात सारे आबादीआबाद आहे असेही समजू नका. ब्रिटनमध्ये सरकारनेच नेमलेल्या पाहणीने २०२४ मध्ये सांगितले की काम करण्याच्या वयाच्या दहा स्वमग्न माणसांपैकी तिघांनाच काम आहे. सगळ्या दिव्यांगांत हे प्रमाण दहात पाच आहे. म्हणजे दारे बंद असलेल्यांतही यांचे दार अधिक घट्ट बंद आहे.

आमची चूक

आता खाली माना का घातल्या ते सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या शाखेत एक कारकून होता. कोणाच्या नजरेला नजर देत नसे. चहाला येत नसे. रोज तीच खुर्ची, तोच कोपरा, डबा ठरल्या मिनिटाला. साहेबांचा हिशेब चुकला तर सर्वांदेखत सांगे, "तुमचे चुकले." त्याच्या खात्यात कधी एका पैशाचा फरक निघाला नाही. आम्ही त्याला 'यंत्र' म्हणायचो. त्याच्या खुर्चीची जागा मुद्दाम बदलून ठेवायची आणि त्याची तारांबळ बघायची, हा आमचा दुपारचा करमणुकीचा कार्यक्रम होता.

एक दिवस त्याला चौकशीच्या खिडकीवर बसवले. कर्णे, गर्दी, शिवीगाळ. तिसऱ्या दिवशी तो कान दाबून खिडकी सोडून गेला आणि मालधक्क्यावर जाऊन बसला. कामावरून निघून गेला, हुकूम मानला नाही, असे चार्जशीट आले. तो युनियनच्या कचेरीत आला आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलला, "मला जुन्या टेबलावर पाठवा." आम्ही काय केले? "अरे, जरा चारचौघांसारखे वागायला शिक," असा उपदेश केला. बचावाला नावापुरता माणूस दिला. चौकशी उरकली, पगारवाढी थांबल्या, आणि त्याने राजीनामा दिला. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पुढे त्याच्या भाच्याची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी मामालाही पाहिले आणि सांगितले की हेही स्वमग्नच आहेत.

त्या माणसाने काय मागितले होते? बढती नाही, भत्ता नाही. फक्त जुने टेबल! मालकाने अन्याय केला हे खरे. पण युनियनचे कार्ड खिशात असलेल्या माणसाला आम्ही वाऱ्यावर सोडले, हे त्याहून खरे. आम्हाला माहीत नव्हते ही सबब पुरेशी नाही. माहीत नव्हते तरी तो सभासद होता.

डिसेंबर २०२१ मध्ये रवींदर कुमार धारीवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मानसिक अपंगत्वाचा ज्या वागण्याशी संबंध आहे त्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई करणे हा भेदभाव आहे. तो खटला केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या अधिकाऱ्याचा, आणि आजार वेगळा होता. पण तत्त्व आमच्या त्या कारकुनालाही लागू पडले असते. उद्या असे चार्जशीट कोणाला आले तर हा निकाल पहिल्या उत्तरातच जोडा.

हे तत्त्व आमचेच आहे

काही सभासद विचारतील, "सुरक्षिततेचे काय? इंजिनावर कोणालाही चढवायचे का?" नाही. ड्रायव्हरला लागणारी मेडिकल ज्याला पास होता येत नाही तो इंजिनावर चढणार नाही, मग तो कोणीही असो. पण रेल्वे म्हणजे फक्त इंजिन नव्हे. स्टोअर आहे, अकौंट्स आहे, ड्रॉइंग ऑफिस आहे, पार्सलची नोंद आहे. टपालात सॉर्टिंग आहे, बचत बँकेची खाती आहेत. एकेका पदाचे काम बघा आणि एकेका माणसाला बघा, सरसकट शिक्का मारू नका, एवढेच कायदा सांगतो.

आणि माणसाप्रमाणे काम देणे आपल्याला नवे आहे का? ड्रायव्हरची नजर उतरली की मेडिकलमध्ये तो डीकॅटेगराइज होतो. पूर्वी अशा माणसाला घरीही बसावे लागे. आज त्याला दुसरे काम मिळते, पगार शाबूत राहतो, जागा नसेल तर जादा पद निर्माण करावे लागते. आधी १९९५ च्या कायद्याच्या ४७ व्या कलमाने आणि आता २०१६ च्या कायद्याच्या २० व्या कलमाने हा हक्क आहे. त्याचे एकेक प्रकरण आम्ही भांडून सोडवले आहे. नोकरीत असताना ज्याचे शरीर बदलले त्याला जो न्याय, तोच जन्मापासून ज्याचा मेंदू वेगळा आहे त्याला प्रवेशाच्या दारात का नको?

या माणसांना बहुधा काय सोय लागते तेही पाहा. हुकूम तोंडी न देता लेखी द्या. अर्थ एकच निघेल असे शब्द वापरा. बदल असेल तर आधी सांगा. बंधूंनो, हे तर आपले रूल बुक झाले! ड्रायव्हरला कॉशन ऑर्डर लेखी मिळते, तो सही करतो. स्टेशन मास्तर गेटमनला फोन करतो तेव्हा प्रायव्हेट नंबर दिला-घेतला जातो. हातवारे आणि "समजून घे रे" यावर गाडी चालत नाही. गाडीसाठी जी शिस्त आपण रोज पाळतो, ती एका माणसासाठी पाळली तर त्याला मेहेरबानी का म्हणायचे?

दुसरा आक्षेप कडवट आहे आणि तो आपल्याच लोकांचा आहे. "आमच्या धडधाकट पोरांना नोकऱ्या नाहीत, तुम्ही यांचे काय घेऊन बसलात?" या बापाची वेदना आम्हाला कळते. पण तुमच्या मुलाची जागा स्वमग्न मुलाने घेतलेली नाही. ती भरलीच नाही, किंवा ठेकेदाराला दिली. उपाशी माणसाने शेजारच्या उपाशाच्या ताटाकडे बघावे आणि कोठाराच्या कुलपाकडे बघू नये, हीच तर मालकाची इच्छा असते. १९७४ च्या मे महिन्यात वीस दिवस चाके थांबली, तेव्हा कायम आणि कॅज्युअल असा भेद करणारे आधी फुटले, हे जुन्या साथींना आठवत असेल.

काय करायचे

ठराव करून फाईलला लावण्यासाठी आम्ही हे लिहिलेले नाही. प्रत्येक शाखेने पुढील कामे हाती घ्यावीत.

१) २०१६ च्या कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे कार्यालयाचे समान संधी धोरण आणि २३ व्या कलमाप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव लेखी मागा. नाव नसेल तर तो विषय पुढच्या वाटाघाटींच्या बैठकीत घ्या.

२) एक टक्क्याच्या गटातल्या किती जागा निघाल्या, किती भरल्या, किती पुढे ढकलल्या, याचा हिशेब दर वर्षी मागा. अनुकंपा तत्त्वावरच्या नोकरीत स्वमग्न मुलाला नुसत्या नजरेने नापास केले तर कारण लेखी घ्या.

३) दिव्यांग अपत्याची देखभाल करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या फिरत्या बदलीतून सूट देण्याचे पत्रक २०१४ सालचे आहे, २०१८ मध्ये ते आणखी वाढवले. ज्या मुलाला खुर्ची हललेली सोसत नाही त्याचे गाव हलवू नका, हे साहेबांना याच पत्रकाच्या आधारे सांगा.

४) बालसंगोपन रजा ७३० दिवसांची आहे, आणि दिव्यांग अपत्यासाठी मुलाच्या वयाची अट नाही. ती मागणाऱ्या भगिनीला टोमणे मारणारा सभासद असेल तर त्याला आधी शाखेनेच समज द्यावी.

५) जुन्या पेन्शन योजनेतल्या बंधूंनो, स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला हयातभर कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. २०२१ पासून त्याची उत्पन्नाची मर्यादाही वाढली आहे. आपल्या हयातीतच मुलाचे नाव आणि दाखला पेन्शनच्या कागदांत लावून घ्या. "आमच्यानंतर याचे काय" हा प्रश्न रात्री झोप उडवतो. त्याचे निदान अर्धे उत्तर तुमच्या हातात आहे.

६) आणि शेवटचे, जे कोणत्याही साहेबाकडे मागावे लागत नाही. आपल्या कचेरीत, गँगमध्ये, सॉर्टिंगमध्ये 'यंत्र', 'येडा' अशी नावे ठेवणे आजपासून बंद करा.

तंजावरहून निघताना आम्ही काकांना पत्ता दिला आणि शिक्षणहक्क कायद्याची कलमे कागदावर लिहून दिली. आमचा तमिळ साथी त्यांच्याबरोबर शाळेत जाईल असे ठरले. मुलगा फलाटापर्यंत आला. गाडीचा भोंगा वाजला तेव्हा त्याने कान झाकले, पण जागचा हलला नाही. गाडी सुटेपर्यंत तो डबे मोजत होता.

साथींनो, गाडीला एक जादा डबा जोडून त्यात या मुलांना बसवा आणि डबा सायडिंगला लावा, असे आजवर चालले आहे. आपण गाडी चालवणारी माणसे आहोत. गाडीत जागा कशी करायची हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

कामगार एकजुटीचा विजय असो!